कर्नेल अपडेटनंतर पहिले पाढे पंचावन्न: जुनंच मॉड्यूल का लोड होतं?

सकाळी लॅपटॉप उघडला. एका प्रूफमध्ये ‘स्त्रियांच्या’ऐवजी ‘स्त्रीयांच्या’ दिसलं, म्हणून कर्सर शब्दाच्या आधी नेला आणि डिलीट दाबलं, म्हणजे मी डिलीट करून घेतलेली इजेक्टची कळ. अक्षर जागचं हललं नाही. डीव्हीडी ड्राइव्हने मात्र घर्रर्र केलं आणि पडद्यावर इजेक्टचं चिन्ह चमकून गेलं. कर्नेलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) क्रमांक सांगणारी यूनेम -आर ही कमांड मारून बघायचीही गरज नव्हती. रात्री कर्नेल बदललं होतं.

वर्षभरात हे चौथ्यांदा झालं. आधीच्या तीन वेळा मी काहीतरी खटपट करून गाडी रुळावर आणली आणि विसरून गेलो. चौथ्यांदा मात्र ठरवलं, की हे परत परत का होतं ते शोधल्याशिवाय प्रूफाला हात लावायचा नाही. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहून ठेवतोय. तुमचं दुखणं कीबोर्डाचं नसेल, वाय-फायचं, नेटवर्क कार्डाचं किंवा वेबकॅमचं असेल, तरी तपासायची रीत हीच. (कमांडा, फाइलींची नावं आणि पर्याय मी उच्चाराप्रमाणे लिहिलेत. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत, बहुतेक लहान लिपीत टाइप करायचे.)

आधी माझं यंत्र सांगतो, म्हणजे पुढची उदाहरणं कळतील. २०१२ सालचा, डीव्हीडी ड्राइव्ह असलेला १३ इंची मॅकबुक प्रो. ॲपलने याला दिलेली शेवटची मॅकओएस म्हणजे २०१९ ची कॅटलिना. पुढे मी त्यावर उबंटू टाकलं, सध्या २४.०४ आहे. या कीबोर्डावर डाव्या खालच्या कोपऱ्यात कंट्रोल नाही, तिथे एफएन आहे, आणि डिलीटची वेगळी कळ नाही. मराठी मजकूर सुधारणाऱ्याला डिलीट का लागतं हे एकदा काम केल्याशिवाय कळत नाही: बॅकस्पेस मात्रा, वेलांटी, हलंत असं एकेक खुडत मागे जातं, डिलीट अख्खं जोडाक्षर एका दमात उचलतं. एफएन धरून बॅकस्पेस दाबलं की डिलीट मिळतं खरं, पण दिवसाला शेकडो वेळा दोन हात गुंतवायचे म्हणजे वैताग.

या कीबोर्डाचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच येतो, एचआयडी_ॲपल नावाने. एफएन आणि डाव्या कंट्रोलची अदलाबदल करायची सोय आता त्या मूळ ड्रायव्हरातच आहे. इजेक्टच्या कळीचं डिलीट करायची सोय नाही. ती देणारी, बाहेर कुणीतरी दुरुस्त केलेली त्याच ड्रायव्हरची आवृत्ती मी डीकेएमएसने (बाहेरचे ड्रायव्हर बांधून बसवणाऱ्या सोयीने) बसवली होती. नाव तेच, फाइल वेगळी. आता एका यंत्रावर एकाच नावाची दोन मॉड्यूलं (कर्नेलला जोडता-काढता येणारे ड्रायव्हरचे तुकडे) झाली, आणि त्यातलं कोणतं घ्यायचं हा सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

निवड केव्हा होते?

माझी समजूत अशी होती, की यंत्र चालू होताना कर्नेल दोन्ही फाइली बघतं आणि त्यातली नवी उचलतं. तसं काही नसतं. /लिब/मॉड्यूल्स/ या फोल्डरात प्रत्येक कर्नेलचं वेगळं बिऱ्हाड असतं, उदाहरणार्थ ६.८.०-४५-जेनेरिक. त्या बिऱ्हाडात ‘कर्नेल’ नावाच्या पोटफोल्डरात वितरकाने (उबंटू, फेडोरा असं लिनक्स पुरवणाऱ्याने) दिलेली मॉड्यूलं, आणि ‘अपडेट्स’ या पोटफोल्डरात बाहेरून आलेली. उबंटू आणि डेबियनवर डीकेएमएस आपलं बाड ‘अपडेट्स/डीकेएमएस’मध्ये टाकतं. डेपमॉड नावाचा प्रोग्रॅम या सगळ्या फोल्डरांतून एकदा फिरतो, एकाच नावाच्या दोन फाइली सापडल्या तर त्यातली एक निवडतो आणि ‘मॉड्यूल्स.डेप’ या यादीत तिचा पत्ता लिहून टाकतो. दुसरीचा उल्लेखही उरत नाही. पुढे मॉडप्रोब जेव्हा मॉड्यूल लोड करायला निघतं, तेव्हा ते ही यादी वाचतं आणि सांगितलेल्या पत्त्यावर जातं. त्याला स्वतःचं मत नसतं.

म्हणजे बूट होताना बघायला जाल तर उशीर झालेला असतो. मतदान आदल्या रात्री, अपडेट बसताना, होऊन गेलेलं असतं.

तीन ठिकाणी नजर टाका

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन मिनिटं काढून एवढं बघा. मी पहिल्या तीन खेपांना हे केलं नाही, म्हणून चौथी खेप आली.

पहिलं, मॉडइन्फो -एन एचआयडी_ॲपल. ही कमांड डेपमॉडच्या यादीत कोणत्या फाइलीचा पत्ता आहे तो छापते. पत्त्यात ‘अपडेट्स/डीकेएमएस’ दिसलं तर निवड बरोबर झालीय, ‘कर्नेल/ड्रायव्हर्स/एचआयडी’ दिसलं तर नाही.

दुसरं, या क्षणी मेमरीत प्रत्यक्ष कोण बसलंय. त्यासाठी /सिस/मॉड्यूल/एचआयडी_ॲपल/टेंट (‘डाग’ या अर्थाचा इंग्रजी शब्द) ही फाइल कॅट करा. वितरकाचं स्वतःचं मॉड्यूल असेल तर ओळ रिकामी येते. बाहेरचं असेल तर ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर येतं, आणि कर्नेलला ओळखीची सही त्यावर नसेल तर जोडीला ‘ई’. ही फाइल फार कमी लोक बघतात आणि माझ्या मते निदानाचं सगळ्यात सरळ साधन तीच आहे. आणखी खातरजमा हवी तर त्याच फोल्डरातली ‘एसआरसीव्हर्जन’ फाइल आणि मॉडइन्फो -एफ एसआरसीव्हर्जन एचआयडी_ॲपल (हा एफ मोठ्या लिपीतला) यांची उत्तरं ताडून पाहा. दोन्हीकडे तेच अक्षरांचं कडबोळं असेल तर डिस्कवरचं आणि मेमरीतलं मॉड्यूल एकच.

तिसरं, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या संदेशांच्या नोंदीत, मॉड्यूलचं नाव शोधा. माझ्याकडे तिथे एक ओळ होती: ‘अननोन पॅरामीटर इजेक्टसीडी_ॲज_डिलीट इग्नोर्ड’. ही ओळ मला तीन खेपा दिसत होती आणि मी ती चूक समजून दुर्लक्ष करत होतो. खरं तर तिने सगळं सांगितलं होतं. मॉडप्रोबने माझी सेटिंगची फाइल वाचली, त्यातला पर्याय मॉड्यूलकडे दिला, आणि मॉड्यूल म्हणालं, असला पर्याय मला माहीत नाही. म्हणजे लोड झालेलं मॉड्यूल मूळचं होतं. कोपऱ्यातली कंट्रोल मात्र व्यवस्थित चालत होती, कारण अदलाबदलीचा पर्याय दोघांनाही कळतो. अर्धं चालतं आणि अर्धं नाही, असं दिसलं की सेटिंगच्या फाइलीला दोष देण्याआधी मॉड्यूल कोणतं आहे ते बघा.

आता या तीन उत्तरांची जुळणी. मॉडइन्फोचा पत्ताच चुकीचा असेल तर गडबड डेपमॉडच्या टप्प्यावर किंवा त्याआधी आहे. पत्ता बरोबर पण टेंट रिकामी असेल तर इनिटरॅमएफएसकडे (बूटच्या वेळी लागणाऱ्या मॉड्यूलांचं गाठोडं, पुढे येतंच) संशयाने बघा. आणि दोन्ही बरोबर असूनही यंत्रणा हलत नसेल, तर भांडण सारख्या नावाचं नाहीच, वेगळ्या नावांचं आहे. त्याचा इलाज निराळा, तो पुढे येतो.

फाइल मुळात आहे का?

पत्ता चुकीचा दिसला की लोक थेट प्राधान्यक्रमाच्या फाइली उघडतात. मीही उघडल्या. त्याआधी डीकेएमएस स्टेटस बघायचं असतं. माझ्याकडे जुन्या कर्नेलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ होतं आणि नव्या कर्नेलचा पत्ताच नव्हता. निवड करायला दुसरा उमेदवार उभाच नव्हता, मग डेपमॉड तरी काय करणार?

डीकेएमएस ही सोय डेलच्या अभियंत्यांनी २००३ च्या सुमारास सुरू केली. कल्पना साधी: मॉड्यूलचा सोर्स यंत्रावर ठेवायचा आणि नवं कर्नेल आलं की तिथल्या तिथे पुन्हा बांधायचं. पण बांधायला त्या नेमक्या कर्नेलच्या हेडर फाइली (त्यातल्या फंक्शनांची ओळख देणाऱ्या) लागतात. मी दोन वर्षांपूर्वी कुठलंसं मार्गदर्शन वाचून लिनक्स-हेडर्स आणि पुढे यूनेम -आर असं पॅकेज टाकलं होतं. त्याने त्या दिवशीच्या कर्नेलच्या हेडर आल्या. पुढच्या कर्नेलच्या हेडर आपोआप येण्यासाठी जे लागतं ते लिनक्स-हेडर्स-जेनेरिक हे छत्री-पॅकेज, आणि ते माझ्याकडे नव्हतं. त्यामुळे दर अपडेटला कर्नेल यायचं, हेडर यायच्या नाहीत, डीकेएमएस गुपचूप तो कर्नेल वगळायचं, आणि सकाळी ड्राइव्ह घरघरायचा.

वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारींत बहुतेकदा मूळ हेच निघतं, असं आता माझं मत झालंय. म्हणून हे सगळ्यात आधी तपासा. ज्या जातीचं कर्नेल पॅकेज आहे त्याच जातीचं हेडर पॅकेज हवं. उबंटूवर कर्नेल एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीच्या) मालिकेतलं असेल तर हेडरही लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४ हवेत, डेबियनवर लिनक्स-हेडर्स-एएमडी६४, फेडोरावर कर्नेल-डेव्हेल. हेडर असूनही स्टेटसमध्ये ‘ॲडेड’वरच गाडी अडली असेल तर बांधणी फसलीय. /व्हार/लिब/डीकेएमएस/ मध्ये त्या मॉड्यूलच्या फोल्डरात मेक.लॉग असतो, त्याच्या तळाशी कारण सापडतं. बहुधा नव्या कर्नेलमध्ये एखादं फंक्शन बदललेलं असतं आणि मॉड्यूलचा सोर्स मागे राहिलेला असतो. तिथे प्राधान्यक्रम बदलून काही होणार नाही, नवा सोर्सच लागेल.

डीकेएमएसचा आणखी एक विक्षिप्तपणा. मॉड्यूलला आवृत्ती क्रमांक असेल, आणि कर्नेलमधल्या मूळ मॉड्यूलचा क्रमांक तोच निघाला, तर डीकेएमएस ‘गुड न्यूज!’ अशी सुरुवात करून सांगतं की दोन्ही सारखीच आहेत, मी बदलणार नाही. ही आनंदवार्ता ऐकून तुम्ही निर्धास्त होता आणि तुमचं दुरुस्त केलेलं मॉड्यूल बसलेलंच नसतं. त्या वेळी इन्स्टॉल करताना --फोर्स द्यावं लागतं, किंवा सोर्समधला क्रमांक वाढवायचा.

हेडर आणून मी सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल चालवलं. स्टेटस ‘इन्स्टॉल्ड’ झालं, पत्ता बरोबर दिसायला लागला. इथेच थांबलो असतो तर पाचवी खेप ठरलेली होती, कारण रीबूट केल्यावरही डिलीट मेलेलंच.

इनिटरॅमएफएस, म्हणजे शिळी शिदोरी

बूट होताना मुख्य डिस्क जोडली जाण्याआधी कर्नेलला काही मॉड्यूलं लागतात. ती एका छोट्या गाठोड्यात बांधून /बूट मध्ये ठेवलेली असतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड टाकायला कीबोर्ड लागणार, म्हणून कीबोर्डाची मॉड्यूलं या गाठोड्यात हमखास असतात. आणि गाठोडं बांधलं गेलं त्या क्षणी जी फाइल होती तीच त्यात राहते. तुम्ही नंतर डिस्कवर काहीही बदला, बूट होताना एचआयडी_ॲपल गाठोड्यातून लोड होऊन बसलेलं असतं. नंतर डिस्कवरच्या नव्या फाइलीला कोणी विचारत नाही, कारण त्या नावाचं मॉड्यूल मेमरीत आधीच आहे.

उबंटू-डेबियनवर सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, फेडोरावर सुडो ड्रॅकट -एफ, आर्चवर सुडो एमकेइनिटसीपीआयओ -पी (हा पी मोठ्या लिपीतला). आत काय बांधलंय ते उघडून बघायला एलएसइनिटरॅमएफएस किंवा फेडोरावर एलएसइनिटआरडी. मी बघितलं तेव्हा पत्ता ‘कर्नेल/ड्रायव्हर्स/एचआयडी’चा होता. पुन्हा बांधल्यावर ‘अपडेट्स/डीकेएमएस’चा झाला, टेंटमध्ये ‘ओई’ आलं, आणि इजेक्टच्या कळीने निमूटपणे अक्षर खोडलं.

मग नेहमीच्या अपडेटमध्ये हे आपोआप का होत नव्हतं? उबंटूत कर्नेल बसल्यावर /ईटीसी/कर्नेल/पोस्टइन्स्ट.डी/ मधल्या स्क्रिप्टा अकारविल्हे चालतात, अर्थात इंग्रजी अकारविल्हे. डी ने सुरू होणारी डीकेएमएस आधी, आय वाली इनिटरॅमएफएस-टूल्स नंतर, आणि ग्रबवालीच्या (ग्रब म्हणजे बूट होताना कर्नेलांची यादी दाखवणारा प्रोग्रॅम) नावाआधी मुद्दाम दोन झेड लावून तिला शेवटी ढकललेलं. इतका मोठा डोलारा आणि त्याची शिस्त वर्णमालेवर! पण ती शिस्त चोख आहे: आधी बांधणी, मग यादी, मग गाठोडं. माझ्याकडे पहिल्या पायरीला हेडर नव्हत्या, म्हणून गाठोडं जुन्याच मालाचं बांधलं जायचं. नंतर मी हाताने पहिली पायरी करायचो आणि तिसरी विसरायचो. हेडरचं छत्री-पॅकेज आल्यावर साखळी आपसूक पूर्ण व्हायला लागली.

हाताने करत असाल तर एक खड्डा टाळा. डेपमॉड -ए असं नुसतं म्हटलं की ते आत्ता चालू असलेल्या कर्नेलची यादी बनवतं. अपडेट बसलंय पण रीबूट केलेलं नाही, अशा वेळी ही कमांड म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. नव्या कर्नेलचा पूर्ण क्रमांक पुढे लिहा: सुडो डेपमॉड ६.८.०-४५-जेनेरिक, तुमचा जो असेल तो. मॉडइन्फोलाही -के आणि क्रमांक देऊन न चालणाऱ्या कर्नेलबद्दल विचारता येतं. रीबूटआधी एकदा विचारून घेतलं की सकाळचा मनस्ताप वाचतो.

प्राधान्यक्रमाची फाइल

फाइल जागेवर आहे, डीकेएमएस ‘इन्स्टॉल्ड’ म्हणतंय, तरी डेपमॉड मूळचंच मॉड्यूल निवडतंय, असं असेल तरच इथे या. /ईटीसी/डेपमॉड.डी/ आणि /यूएसआर/लिब/डेपमॉड.डी/ या दोन फोल्डरांत .कॉन्फ फाइली असतात. त्यात ‘सर्च’ने सुरू होणारी एक ओळ असते आणि पुढे पोटफोल्डरांची नावं, मानाप्रमाणे डावीकडून उजवीकडे. उबंटूची ओळ सर्च अपडेट्स उबंटू बिल्ट-इन अशी. फेडोराच्या डिस्ट.कॉन्फमध्ये अपडेट्स, एक्स्ट्रा, बिल्ट-इन आणि शेवटी वीक-अपडेट्स. कुठलीच ओळ नसेल तर डेपमॉड आधी अपडेट्स आणि मग बिल्ट-इन असं धरून चालतं. इथल्या ‘बिल्ट-इन’चा अर्थ फसवा आहे. कर्नेलच्या पोटात कायमची शिवलेली मॉड्यूलं असा तो नाही. वितरकाने नेहमीच्या जागी ठेवलेली, म्हणजे ‘कर्नेल’ पोटफोल्डरातली, असा आहे.

म्हणजे बहुतेक यंत्रांवर क्रम मुळातच बाहेरच्या मॉड्यूलाच्या बाजूने लावलेला असतो. तो बिघडला असेल तर बिघडवणारे बहुधा आपणच. मी दुसऱ्या खेपेला घाईत एक फाइल बनवली होती, तिच्यात सर्च एक्स्ट्रा बिल्ट-इन एवढंच लिहिलं होतं, कारण जिथून उतरवलं तिथे फेडोराची गोष्ट चालली होती. जे पोटफोल्डर यादीत नाही त्याला डेपमॉड बिल्ट-इनच्याच पंगतीला बसवतं, आणि एका पंगतीतल्या दोघांपैकी कोणाला वाढलं जाईल याचा नेम नाही. कधी डिलीट चालायचं, कधी नाही. ती फाइल उडवली तेव्हा हा लहरीपणा थांबला. सर्चची ओळ एकच ठेवा. वितरकाची बदलायचीच असेल तर त्याच नावाची फाइल /ईटीसी/डेपमॉड.डी/ मध्ये करा, ती /यूएसआर मधल्या फाइलीला झाकून टाकते.

सगळा क्रम हलवण्यापेक्षा एकाच मॉड्यूलपुरती सक्ती करायची असेल तर ‘ओव्हरराइड’ची ओळ जास्त सभ्य. तिच्यात तीन गोष्टी: मॉड्यूलचं नाव, कर्नेलचा क्रमांक किंवा सगळ्यांसाठी तारांकन, आणि पोटफोल्डर. पोटफोल्डर पूर्ण लिहायचं. फाइल ‘अपडेट्स/डीकेएमएस’मध्ये असताना नुसतं ‘अपडेट्स’ लिहून भागत नाही. नावही फाइलीचं असेल तसंच ठेवा. लोड झालेली मॉड्यूलं दाखवणारं एलएसमॉड खालची रेघ दाखवतं, एचआयडी_ॲपल, पण डिस्कवरच्या फाइलीच्या नावात संयोगचिन्ह असतं. मॉडप्रोबला हा फरक चालतो, इथे धोका कशाला घ्या? उलट गरज असेल, म्हणजे मूळचंच मॉड्यूल हवं आणि बाहेरचं नको, तरी हीच ओळ कामी येते, फक्त पोटफोल्डर ‘कर्नेल’पासूनचं लिहायचं. बदल केल्यावर डेपमॉड आणि इनिटरॅमएफएस दोन्ही पुन्हा चालवायला विसरू नका.

आणि एक कबुली: पहिल्या खेपेला मी बांधलेली फाइल सरळ ‘कर्नेल/ड्रायव्हर्स/एचआयडी’मध्ये नेऊन मूळ फाइलीवर चढवली होती. चालतं. पुढच्या अपडेटपर्यंत.

वेगळ्या नावांचं भांडण: याच लॅपटॉपचं वाय-फाय

इथवरचं सगळं सारख्या नावाच्या दोन फाइलींबद्दल. पण दोन वेगळ्या नावांची मॉड्यूलं एकाच हार्डवेअरवर हक्क सांगतात तेव्हा डेपमॉडचा सर्च-क्रम काहीच करू शकत नाही, त्याच्या दृष्टीने तिथे तंटाच नाही.

या मॅकबुकात ब्रॉडकॉमचं बीसीएम४३३१ वाय-फाय आहे, पीसीआय क्रमांक १४ई४:४३३१. कर्नेलमधून त्याला बी४३ चालवतो, बाहेरून ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस पॅकेजातला डब्ल्यूएल. मला डब्ल्यूएल हवा होता. इथे लोक बी४३ ला काळ्या यादीत टाकतात, रीबूट करतात, आणि काहीच बदलत नाही. एलएसपीसीआय -एनएनके चालवून ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ वाचली तर उमगतं: कार्डावर बी४३ बसलेलाच नसतो, बीसीएमए-पीसीआय-ब्रिज बसलेला असतो. बीसीएमए हा मधला दलाल. पीसीआय कार्ड तो ताब्यात घेतो आणि आतला रेडिओ बी४३ ला देतो. दलालाला हटवल्याशिवाय कार्ड मोकळं होत नाही. काळ्या यादीत नाव बीसीएमएचं हवं. पॅकेज स्वतःच /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये अशी फाइल टाकतं, माझी कुठल्याशा साफसफाईत उडाली होती.

डब्ल्यूएलची ओळख तर फारच ऐसपैस आहे. मॉडइन्फोत त्याचं अलियास, म्हणजे कोणतं हार्डवेअर आपलं मानायचं त्याचा नमुना, बघा: वायरलेस जातीचं कुठल्याही कंपनीचं पीसीआय कार्ड माझंच, असं ते म्हणतं. तरी हरतो, कारण ‘मॉड्यूल्स.ऑर्डर’ नावाची एक यादी असते, तिच्यात कर्नेलबरोबर बांधलेल्या मॉड्यूलांचा क्रम असतो आणि एकाच अलियासवर अनेक दावेदार असले की डेपमॉड त्यांना या क्रमाने लावतं. बाहेरून आलेला त्या यादीत नसतोच, म्हणून रांगेत मागे. कार्ड ज्याच्या हाती आधी लागलं त्याचं.

‘ब्लॅकलिस्ट’ या शब्दावर फार विसंबू नका. ती ओळ मॉड्यूलला अलियासवरून आपोआप लोड होण्यापासून रोखते, एवढंच. कोणी नाव घेऊन मागितलं, किंवा दुसऱ्या मॉड्यूलला गरज पडली, तर ते येतंच. कडक बंदी हवी तर मॉडप्रोब.डी मध्ये ‘इन्स्टॉल’ची ओळ, पुढे मॉड्यूलचं नाव आणि /बिन/फॉल्स. कायमचं लिहिण्याआधी एकदा चाखून बघायचं असेल तर ग्रबच्या यादीवर ई दाबून कर्नेलच्या ओळीच्या शेवटी मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=बीसीएमए जोडा. पुढच्या बूटला ते आपोआप नाहीसं होतं. आणि /ईटीसी/मॉड्यूल्स मध्ये नाव घालणं किंवा ‘सॉफ्टडेप’ लिहिणं याने कोण आधी लोड होईल ते ठरतं, सारख्या नावाच्या दोन फाइलींतली कोणती निवडायची ते नाही. ही गल्लत फार होते.

उरलेली दोन कारणं, थोडक्यात

मॉडइन्फोने पत्त्याच्या जागी कंसात ‘बिल्टइन’ असं दिलं तर ते मॉड्यूल कर्नेलच्या पोटातच आहे. तिथे काळी यादी, ओव्हरराइड, कशाचाच उपयोग नाही.

सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असलेल्या यंत्रावर निवड बरोबर होऊनही कर्नेल बाहेरचं मॉड्यूल आत घेत नाही. मॉडप्रोब ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणतं. एमओकेयूटिल --इम्पोर्ट करून किल्ली नोंदवायची, रीबूटला निळा पडदा येतो तिथे मंजुरी द्यायची. तो पडदा काही सेकंदच थांबतो आणि माणूस नेमका तेव्हा चहा आणायला गेलेला असतो. माझ्या २०१२ च्या यंत्रात ही भानगडच नाही, म्हाताऱ्याचा तेवढा फायदा.

शेवटी मी काय केलं

साखळी दुरुस्त झाल्यावर पुढची दोन अपडेटं बिनघोर गेली. मग एका दुपारी विचार केला, की हे सगळं एका कळीसाठी चाललंय. अदलाबदलीची सोय मूळ ड्रायव्हरात आलीच आहे, उरलं फक्त डिलीट. ते तर कर्नेलच्या बाहेरही करता येतं. /ईटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी/ मध्ये एक छोटी फाइल केली. पहिल्या ओळीत ॲपलच्या कीबोर्डांची ओळख, दुसरी ओळ एक जागा सोडून, कीबोर्ड_की_सी००बी८=डिलीट (इथे ‘कीबोर्ड_की’ मोठ्या लिपीत). सी००बी८ हा इजेक्टच्या कळीचा क्रमांक. मग सुडो सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट आणि सुडो यूडेव्हएडीएम ट्रिगर. कळ लगेच डिलीट झाली, रीबूटही लागला नाही.

मग डीकेएमएस रिमूव्ह --ऑल देऊन ते मॉड्यूल काढलं, सेटिंगमधून इजेक्टचा पर्याय खोडला, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधलं. आता मॉडइन्फो -एन ‘कर्नेल/ड्रायव्हर्स/एचआयडी’ दाखवतं आणि टेंटची ओळ रिकामी आहे. डब्ल्यूएल अजून आहे, त्यामुळे हेडरचं छत्री-पॅकेज जागेवर ठेवलंय आणि अपडेटनंतर रीबूटआधी नव्या कर्नेलच्या क्रमांकासह मॉडइन्फोला एकदा विचारून घेतो. गेल्या आठवड्यात विचारलं तेव्हा डब्ल्यूएल सापडत नाही म्हणाला. मेक.लॉग उघडून बसलोय.